लहान सुखांचा अधिकार

कांहीं प्रश्न असे असतात कीं, पुस्तकांत वाचतांना ते सोपे वाटतात आणि एखाद्या माणसानें समोर उभें राहून विचारले म्हणजे अवघड होतात. लहान सुखांचा प्रश्न त्यांपैकींच एक होय. स्वच्छ धुतलेला सदरा अंगांत घालतांना वाटणारें समाधान, चांगल्या पुस्तकाचें पहिलें पान उलगडतांना होणारी उत्सुकता, मनासारखें एक वाक्य उतरल्यावर लेखणी क्षणभर खालीं ठेवण्यांतील आनंद, हीं सुखें क्षुद्र समजावीं कीं मोलाचीं मानावीं, हा वाद वाङ्मयमंडळाच्या बैठकींत रंगविण्याजोगा आहे, असेंच मला पुष्कळ वर्षें वाटत आलें. अशा चर्चेत कोणाचें कांहीं बिघडत नाहीं आणि कोणाला राग येत नाहीं, हा तिचा आणखी एक गुण. परंतु एका विद्यार्थ्यानें मला वर्गांत जो प्रश्न केला, त्यानंतर हा विषय माझ्यापुरता तितका निरुपद्रवी राहिला नाहीं.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ‘या झोपडीत माझ्या’ ही कविता मराठी वाचकांना शाळेपासूनच परिचित आहे. राजवाड्यांत जें सुख मिळावयाचें, तें आपल्याला आपल्या झोपडींतच लाभलें आहे, असा तिचा आशय. ती शिकवितांना मी अल्पसंतोषाचें माहात्म्य मोठ्या उत्साहानें वर्णन करीत होतों. वैभवाबरोबर येणारी चिंता, साधेपणांतील निर्भयता, इत्यादि मुद्दे मीं ओळीनें मांडले. तेव्हां मागच्या बांकावरील एक विद्यार्थी उठला. तो कापूस पेरणाऱ्या घरांतला होता. तो म्हणाला, “सर, झोपडींत राहणारा ही कविता म्हणतो तेव्हां मला ती पटते. पण पक्क्या घरांत राहणारा माणूस झोपडींतल्याला ती समजावून सांगूं लागला, तर तिचा अर्थ तोच राहतो का?”

वर्ग एकदम शांत झाला. सुख ही मनाची अवस्था असते, असें कांहींतरी मीं सांगितलें. तास संपला. तो मुलगा नम्रपणें खालीं बसला होता. पण आपण उत्तर दिलें नाहीं, केवळ वेळ मारून नेली, हें मला समजलें होतें.

वऱ्हाडांत हा प्रश्न केवळ तर्काचा नाहीं. काळी कसदार जमीन आणि कापसाचें पीक यांच्या जोरावर एके काळीं हा प्रांत सुखवस्तु समजला जाई. 1861 ते 1865 या वर्षांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें असतां विलायतेंतील गिरण्यांना कापूस मिळेना. तेव्हां येथील मालाला जी मागणी आली, तिच्या आठवणी जुन्या घरांतून पुष्कळ काळ सांगितल्या जात. त्याच प्रांतांत 1990 नंतरच्या काळांत नापिकी, कर्ज आणि भावाची अनिश्चितता यांनीं गांजलेल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची वार्ता नित्याची होऊन बसली. 2006 सालीं केंद्र सरकारनें विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांसाठीं विशेष साहाय्य जाहीर केलें, त्यांत अमरावती आणि अकोला हे दोन्ही जिल्हे होते. अशा भूमींत उभें राहून लहान सुखांची स्तुति करणाऱ्यानें आपण ती कोणाला ऐकवीत आहों याचा विचार केलाच पाहिजे.

कांहीं दिवसांनीं मी गुरुकुंज मोझरीस गेलों. अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, तिवसा तालुक्यांत हें ठिकाण आहे. तुकडोजी महाराजांनीं येथें 1935 सालीं आश्रम स्थापन केला आणि 1968 च्या ऑक्टोबरांत त्यांचा देह येथेंच पडला. त्या रस्त्यानें मी अनेकदां गेलों होतों. पण मोटारीच्या खिडकींतून नमस्कार करण्यापलीकडे थांबण्याचा योग क्वचितच येई. या वेळीं सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेपर्यंत थांबावयाचें, असें ठरवूनच गेलों.

तेथें बसलों असतां एक गोष्ट प्रथमच ध्यानांत आली. विसाव्या शतकाच्या ज्या दशकांत हा आश्रम उभा राहिला, त्याच दशकांत आपल्या वाङ्मयांत लघुनिबंध बहरास आला होता. ना. सी. फडके, वि. स. खांडेकर, अनंत काणेकर यांनीं नित्याच्या जीवनांतील बारीकसारीक गोष्टींना साहित्यांत मानाचें स्थान दिलें. त्यांचें ऋण माझ्या पिढीवर मोठें आहे. चहाच्या पेल्याकडे आणि पावसाच्या सरीकडे पाहण्याची दृष्टि आम्हांला त्यांनींच दिली. परंतु त्या निबंधांतील सुख बहुतेक एकट्याचें असे. आरामखुर्ची एक, दिवा एक आणि पुस्तकही एक. मोझरीस, त्याच काळांत, सुखाच्या ह्याच लहान साधनांना हात घालणारा दुसरा एक माणूस होता. आणि त्यानें त्यांची मांडणी निराळी केली.

हें मी केवळ भक्तिभावानें म्हणत नाहीं. महाराजांचा ‘ग्रामगीता’ हा ग्रंथ 1955 सालचा. एकेचाळीस अध्यायांचा हा ओवीबद्ध ग्रंथ खेड्याच्या उद्धाराविषयीं आहे, हें सर्वश्रुत आहे. परंतु त्याच्या अध्यायांचीं नांवें सावकाश वाचून पाहावीं. ग्रामरक्षण, ग्रामशुद्धि, ग्रामआरोग्य यांच्या पंक्तींतच तेथें ‘वेषवैभव’ आहे, ‘भजनप्रभाव’ आहे, ‘जीवनकला’ आहे आणि ‘ग्रंथाध्ययन’ही आहे. गांवाच्या आरोग्याची चिंता वाहणाऱ्या ग्रंथांत माणसाच्या पोशाखाला, गाण्याला आणि वाचनाला स्वतंत्र जागा कां असावी? ज्यांना आपण लहान सुखें म्हणतों, तीं या ग्रंथकाराला फुरसतीचीं वाटलीं नव्हतीं, हेंच याचें उत्तर होय. आणि याच ग्रंथांत ‘गरीबी-श्रीमंती’ हाही एक अध्याय आहे, ही गोष्ट माझ्या विद्यार्थ्याला सांगावयास हवी होती. जो झोपडींतील आनंद गातो, तोच झोपडी आणि वाडा यांमधील अंतराचाही जाब विचारतो. कविता शिकवितांना मीं पहिला अर्धा भाग घेतला होता आणि दुसरा सोडून दिला होता.

प्रथम वेषाचा विचार करूं. प्रार्थनेची वेळ होत आली, तशीं आसपासच्या खेड्यांतील माणसें येऊं लागलीं. शेतांतून परतून, हातपाय धुऊन, कपडे बदलून तीं आलेलीं होतीं, हें पाहतांच कळत होतें. एका म्हाताऱ्याच्या धोतराला दोन ठिकाणीं ठिगळ होतें, पण धोतर शुभ्र होतें. आणि ओळींत बसण्यापूर्वीं त्यानें टोपी काढून, झटकून, पुन्हा नीट बसविली. त्या टोपी बसविण्यांत कांहींसा अभिमान होता. त्याला मी भपका म्हणूं शकलों नाहीं. भपक्याला दुसऱ्याच्या अंगावरील उणें वस्त्र लागतें. त्यावांचून तो शोभत नाहीं. नीटनेटकेपणाला शेजारचाही नीटनेटका असला म्हणजे अधिकच आनंद होतो. लेखनाच्या शैलीचेंही तसेंच आहे, असें मला वाटूं लागलें आहे. वाचकाला दिपविण्यासाठीं रचलेलें वाक्य आणि वाचकाला अर्थ स्वच्छ मिळावा म्हणून तीनदां पुसून लिहिलेलें वाक्य, या दोहोंच्या मागें श्रम सारखेच असतील. पण पहिल्यांत लेखक स्वतःकडे पाहत असतो आणि दुसऱ्यांत समोर बसलेल्या माणसाकडे.

वाचनाविषयीं सांगावयाचें तर, आपल्या खेड्यांत ग्रंथ एकट्यानें वाचावयाची वस्तु कधींच नव्हती. एकानें पोथी वाचावी, दुसऱ्यानें अर्थ सांगावा आणि बाकीच्यांनीं ऐकावें, ही जुनी चाल. ग्रामगीता सोप्या ओवींत लिहिली गेली, तीही अशाच वाचनासाठीं. आश्रमाच्या आवारांत एक मध्यम वयाचा गृहस्थ ओळीखालीं बोट ठेवून वाचीत होता आणि त्याच्या शेजारीं दोघी बायका ऐकत होत्या. एका शब्दावर तो अडखळला. त्यांतील एकीनें तो शब्द पाठ म्हणून पुरा केला आणि तिघेंही हंसलीं. मीं आयुष्यांत अनेक ग्रंथ वाचले, त्यांवर व्याख्यानें दिलीं. परंतु माझ्या वाचनांत अडखळण्याचा असा आनंद किती वेळां आला असेल, याचा मला हिशेब देतां येईना.

तिसरें सुख निर्मितीचें. महाराजांचें शालेय शिक्षण प्राथमिक इयत्तांपलीकडे गेलें नव्हतें. तरी मराठींत व हिंदींत त्यांनीं विपुल भजनें रचलीं. त्यांच्या हातीं असे ती खंजिरी. लांकडाचें कडें, त्यावर ताणलेलें कातडें आणि झणत्कार करणाऱ्या चकत्या, एवढाच तिचा संसार. एका हातांत धरावी आणि दुसऱ्या हातानें वाजवावी. वीणेचा किंवा सतारीचा दरारा तिला नाहीं. ती कोणाच्याही घरीं खुंटीला टांगलेली असूं शकते. निर्मितीचें सुख हें थोड्या प्रतिभावंतांचें वतन आहे, असें आपण शिकलेले लोक मनांतून मानतों. खंजिरी तें मानीत नाहीं. ती ऐकणाऱ्याला टाळी वाजविण्यास बोलावते, आणि टाळी वाजविणारा निर्मितींत सहभागी होतोच.

येथें युरोपांतील दोन तत्त्वज्ञांची आठवण होणें स्वाभाविक आहे. अथेन्समध्यें एपिक्यूरसनें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकाच्या अखेरीस एका बागेंत आपली शाळा घातली. भाकरी, पाणी आणि मित्रांचा सहवास एवढ्यावर तो संतुष्ट असे. मेजवानी करावीशी वाटली तर थोडें चीज पाठवून द्यावें, असें त्यानें एका स्नेह्याला लिहिल्याचें सांगतात. त्याच्या बागेंत स्त्रियांना आणि गुलामांनाही प्रवेश होता. कुंज म्हणजे तरी बागच. पण एपिक्यूरसचा उपदेश असा होता कीं, शहाण्यानें राजकारणापासून दूर, लोकांच्या दृष्टीआड राहावें. मोझरीच्या कुंजाचें दार हमरस्त्यावर उघडतें. आणि त्याच्या स्थापकाला 1942 च्या चळवळींत तुरुंगांत जावें लागलें. लहान सुखांत रमणारा माणूस जगाकडे पाठ फिरवतोच, असा नियम नाहीं.

दुसरी आठवण जॉन स्टुअर्ट मिल्लची. समाजसुधारणा हेंच ज्याच्या शिक्षणाचें ध्येय होतें, अशा या तरुणानें 1826 सालीं, विसाव्या वर्षीं, स्वतःला विचारलें कीं, आपल्याला हव्या त्या सर्व सुधारणा या क्षणीं घडून आल्या तर आपण सुखी होऊं काय? मनानें उत्तर दिलें, नाहीं. तेव्हां त्याच्यावर जी खिन्नता पसरली, तिच्यांतून बाहेर येण्यास वर्डस्वर्थच्या कवितांची मोठी मदत झाली, असें त्यानें आत्मचरित्रांत लिहून ठेवलें आहे. हा दाखला मीं माझ्या विद्यार्थ्याच्या विरुद्ध योजिलेला नाहीं. “आधीं भाकरी, मग कविता” असें म्हणणाऱ्या आपणां सुशिक्षितांसाठीं तो आहे. भाकरीचा प्रश्न सुटेपर्यंत गरिबानें गाऊं नये, वाचूं नये, नीटनेटकें राहूं नये, असें आपण म्हणतों तेव्हां आपण त्याच्यावर दया करीत नाहीं. त्याच्या ताटांतील उरलेंसुरलेंही काढून घेतों.

मग त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर काय? मला जें सुचतें तें असें. अल्पसंतोष हा माणसानें स्वतःला लावून घ्यावयाचा नियम आहे. दुसऱ्याला लावून द्यावयाचा नव्हे. ‘माझ्या झोपडींत’ असें म्हणण्यांत सारें बळ ‘माझ्या’ या शब्दांत आहे. तो शब्द काढून तेथें ‘तुझ्या’ घातला कीं, स्तोत्राची आज्ञा होते आणि समाधानाची फसवणूक होते. ज्याचें देणें आपल्याकडे थकलें आहे, त्याला सुख मनावर असतें असें सांगण्याचा अधिकार आपल्याला नाहीं. आधीं देणें द्यावें. आणि देतां येत नसेल तर निदान उपदेश तरी करूं नये. उलट त्याच्या लहान सुखांत आपल्याला बसावयास जागा मिळाली, तर ती मात्र उपकार मानून घ्यावी.

दरवर्षीं आश्विनांत महाराजांच्या पुण्यतिथीच्या महोत्सवांत, सायंकाळीं 4 वाजून 58 मिनिटांनीं, गुरुकुंजांत जमलेला अफाट समुदाय स्तब्ध उभा राहून मौन श्रद्धांजली वाहतो. त्या वेळीं कोण बंगल्यांतून आला आणि कोण झोपडींतून, हें कोणी विचारीत नाहीं. पण तेथून परततांना प्रत्येकाला आपापल्या घरींच जावें लागतें, आणि घरें सारखीं नाहींत. हें दोन्ही लक्षांत ठेवणें मला आतां अगत्याचें वाटतें.

प्रार्थना संपल्यावर तो ठिगळाच्या धोतराचा म्हातारा माझ्याशेजारूनच उठला. “कोणत्या गांवचे तुम्ही?” असें त्यानें विचारलें. मीं सांगितलें. “मंग उशीर होईल तुम्हाले,” असें म्हणून त्यानें मोटार कोठें थांबते तें दाखविलें आणि ती येईपर्यंत तो माझ्यासोबत रस्त्याच्या कडेला उभा राहिला. आम्ही पाऊसपाण्याचें बोललों. कापसाचा भाव मीं विचारला नाहीं. तो आपणहून त्यानेंच सांगितला, आणि हंसून सांगितला. त्या हंसण्याचा अर्थ वर्गांत समजावून सांगण्याचें धाडस मी यापुढें करणार नाहीं. कविता मात्र शिकवीन. आणि तिच्या शेजारीं ‘गरीबी-श्रीमंती’चा अध्याय उघडून ठेवीन.