मधला

तीन तिघाडा, काम बिघाडा, हे आपल्या हाडीमासी खिळलेलं आहे. ताटात तीन पोळ्या वाढायच्या नाहीत, चांगल्या कामाला तिघांनी निघायचं नाही. आमची आजी तर तिघंजण बाहेर पडताना दिसले की एकाच्या हातावर सुपारी ठेवायची. सुपारी चौथी झाली, आता जा. गंमत म्हणजे याच आजीची अंगणातली पाणी तापवायची चूल तीन दगडांची होती. चौथा दगड ठेवला की एक ना एक डुगडुगणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिन्ही दगडांना हंड्याचा भार घ्यावाच लागतो. अंग काढून घ्यायची सोय नाही.

ही चूल आठवली ती परवा पहाटे मोझार्ट ऐकताना. व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो, एवढ्या तिघांसाठी त्याने एक मोठी रचना केली. ती पुरी झाल्याची नोंद त्याने स्वतःच्या वहीत २७ सप्टेंबर १७८८ या तारखेला केली आहे. सहा भाग, सगळं मिळून पाऊण तासाच्या आसपास. नाव ठेवलं ‘डिव्हर्टिमेंटो’, म्हणजे करमणुकीचं संगीत. पंगत चालू असताना मागे वाजावं, अशा गोष्टीचं हे नाव. त्या उन्हाळ्यातलं त्याचं घर पाहिलं तर हे नाव वाचून माणूस चमकतो. जून महिन्याच्या शेवटी सहा महिन्यांची मुलगी गेलेली. मिखाएल पुखबर्ग नावाच्या व्यापारी मित्राला पैशासाठी पत्रांवर पत्रं चाललेली. आणि त्याच उन्हाळ्यात त्याच्या शेवटच्या तिन्ही सिंफनी लिहून झालेल्या. ही तिघांची रचना त्याने या पुखबर्गसाठीच केली. देणेकऱ्याने सावकाराला यापेक्षा मोठं काही दिल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

आपला कान घडलेला असतो मैफिलीत. मध्ये गवई, मागे तंबोरे, बाजूला तबला-पेटी. गाणं कोणाचं आणि साथ कोणाची, याचा घोळ होत नाही. पाश्चात्त्यांच्या या घरगुती बैठकीच्या संगीतात मात्र साथीदार कोण तेच कळेना. चौघांची क्वार्टेट ऐकायला बसलो तेव्हा माझी तर त्रेधाच उडायची. चारही आवाज एकमेकांत कालवले जायचे. तिघं असले की ते सुटे ऐकू येतात. वरचं व्हायोलिन येतं, खालचा चेलोही येतो. निसटतो तो मधला.

मधला म्हणजे व्हायोला. दिसायला व्हायोलिनसारखाच, थोडा थोराड. व्हायोलिनचं खोड साधारण चौदा इंचांचं, याचं दोन-अडीच इंचांनी मोठं. याच्या तारा व्हायोलिनपेक्षा पाच सूर खाली लागतात. एवढ्या खालच्या सुराला खरं तर याहून बरंच मोठं खोड हवं, पण तेवढं केलं तर ते हनुवटीखाली धरणार कसं? म्हणून मापात तडजोड झाली, आणि त्या तडजोडीतून त्याचा आवाज आला. जरासा नाकातला, सावळा, पडशातून नुकत्याच उठलेल्या माणसासारखा. वाद्यवृंदांत व्हायोलावाल्यांवर विनोद करायची जुनी रीत आहे. आपल्याकडे मधल्या सुनेवर करतात तसे. त्याचं संगीत लिहायची खूणसुद्धा अशी की पाच रेघांतली मधली रेघ म्हणजे पियानोच्या मधोमध येणारा ‘सी’ हा सूर. रेघही मधली, सूरही मधला.

पण या मधल्या जागेवर कोण कोण संगीतकार बसून गेले ते पाहा. चारचौघांत वाजवायची वेळ आली की मोझार्टला व्हायोला घ्यायला आवडे. व्हिएन्नात एकदा अशी बैठक जमली होती, त्यात हायडन व्हायोलिनवर होता आणि मोझार्ट व्हायोलावर, अशी आठवण मायकेल केली या आयरिश गायकाने लिहून ठेवली आहे. बेटोव्हन पोरवयात बॉनच्या दरबारी वाद्यवृंदात व्हायोला वाजवायचा. शूबर्टच्या घरात वडील चेलोवर, दोघे थोरले भाऊ व्हायोलिनवर, आणि व्हायोला त्याच्या स्वतःकडे. द्वोर्झाकने प्रागच्या नाटकगृहात कित्येक वर्षं हेच वाद्य धरून पोट भरलं. पहिल्या खुर्चीची हौस असायला हवी होती अशी ही माणसं. मला वाटतं, मधे बसलं की दोन्ही बाजूंचं ऐकू येतं. लिहिणाऱ्याला हवं असतं ते तेवढंच.

तिघांत हा मधला कुठे लपूच शकत नाही. क्वार्टेटमध्ये दुसरं व्हायोलिन असतं. सुरांचा मधला भराव दोघांनी वाटून घेता येतो, एक थांबला तर दुसरा असतो. तिघांत तो भराव व्हायोलावर, शिवाय गाण्याची ओळ आली तर तीही त्याच्यावर. कधी एकाच गजाने दोन तारा एकदम वाजवून चौथ्या माणसाची उणीवही त्यालाच भरून काढावी लागते. लिहिणाऱ्यालाही हे जड जातं. बेटोव्हनने अशा पाच रचना केल्या, त्या सगळ्या अठ्ठाविशीच्या आत. शेवटच्या तीन ‘ओपस ९’ या एका क्रमांकाखाली १७९८ साली छापून आल्या, त्यातली सी मायनरमधली तर कानशिलं तापवते. त्यानंतर तो क्वार्टेटकडे वळला आणि या तिघांकडे पुन्हा फिरकलाच नाही. त्याला दोष कसा देणार? चौथा मिळत असेल तर कोण नाही म्हणेल!

मोझार्टच्या रचनेचा चौथा भाग काढून ऐका, आंदान्ते. सुरुवातीला व्हायोलिन आणि व्हायोला एकच साधी चाल वरच्या-खालच्या सप्तकांत मिळून म्हणतात. शाळेत मुलं प्रार्थना म्हणतात तितकी साधी. मग त्या चालीची वेगवेगळी रूपं सुरू होतात. एक कोमल, अंधारलेलं. आणि त्यानंतर शेवटचं रूप येतं. व्हायोलिन एकदम धावत सुटतं, बारीक सुरांचा नुसता पाऊस. चेलोही खाली स्वस्थ बसत नाही. सगळं लक्ष वर जातं, माझंही चार-पाच वेळा गेलं. सहाव्यांदा कधीतरी कळलं की त्या गडबडीत व्हायोला मूळची चाल सावकाश, एकेक सूर मोजून ठेवतोय. दागिना नाही, घाई नाही. दिवाळीच्या दिवशी घरभर पोरांचा धुडगूस चाललेला असताना मधली काकू स्वयंपाकघरात चकल्या पाडत असते, तशी. आधी ती दिसत नाही, आणि दिसली की मग तिच्यावरून नजर हलत नाही.

रचना पुरी झाली त्याच्या पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये ड्रेस्डेनला मोझार्टने हीच रचना आंटोन टाइबर आणि आंटोन क्राफ्ट यांच्याबरोबर वाजवली. टाइबर व्हायोलिनवर, क्राफ्ट चेलोवर. उरलं कोणतं वाद्य, ते सांगायला नको. बायकोला त्याने कळवलं की बरं झालं वादन. बस्स, एवढंच.

मधल्याची आणखी एक गोष्ट आहे, ती ऐकली की मोझार्ट काही दिवस बाजूला ठेवावा लागतो. गिडिऑन क्लाइन हा मोराव्हियातला ज्यू तरुण, पियानोवादक. नाझींनी त्याला तेरेझीनच्या छावणीत डांबलं. तिथे त्याने व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो या तिघांसाठी एक रचना केली, ती ७ ऑक्टोबर १९४४ रोजी पुरी झाली. नऊ दिवसांनी त्याला आउशवित्झकडे जाणाऱ्या गाडीत चढवलं. १९४५च्या जानेवारीत तो गेला, तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. हस्तलिखित तेरेझीनमध्ये मागे राहिलं म्हणून वाचलं. रचनेचे भाग तीन. पहिला छोटा आणि चपळ, तिसरा छोटा आणि चपळ. मधला मात्र संथ आहे, त्याच्या गावाकडच्या मोराव्हियन लोकगीतावर बांधलेला, आणि लांबीने बाकीच्या दोघांच्या बेरजेहून मोठा.