लेकीच्या नावाचे अक्षर

माउली, घरात लेक जन्मली की पंचांग उघडते. सत्तावीस नक्षत्रे, प्रत्येकी चार चरण, अशी १०८ अक्षरे. हस्ताच्या तिसऱ्या चरणाला ‘ण’ येतो. त्यावरून नाव ठेवून दाखवा पाहू! म्हणून जाणते लोक जन्मनाव वेगळे, हाकेचे वेगळे ठेवतात. त्यात दोष नाही.

पण अनुराधेचा ‘न’ घ्या. त्यावरूनच चोखोबांची बहीण निर्मळा, आणि त्यावरूनच ‘नकोशी’. मुलगा हवा होता म्हणून लेकीला दिलेले नाव. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींची नावे बदलावी लागली. अक्षरात काय खोट होती? दिवसभर लेकीला ‘नको’ म्हणून हाक मारायची, मग सांजेला हरिपाठाचा टाळ कोणत्या हाताने धरायचा? बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. त्याआधी ते एकदा विठोबासमोर मोठ्याने उच्चारून पाहा.