टाक की मोड?

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात एका बुधवारी, गंजक्या कड्याकोयंड्यांच्या आणि अडकित्त्यांच्या सुट्या पात्यांच्या ढिगातून, दोन बोटे रुंदीचा एक पत्रा माझ्या हाती आला. कडा झिजलेल्या, मध्ये पुसट उंचवटा आणि खाली घोड्याच्या खुरासारखे काहीसे. "घ्या काका, मोडीच्या भावात देतो," विक्रेता म्हणाला. चिंचेने घासताच तांबे उजळले. वस्तू मात्र अनोळखीच राहिली.

नैयायिक ज्याला निर्विकल्पक ज्ञान म्हणतात, त्याच्या फार जवळ असल्या वस्तू जमिनीत हुडकणाऱ्या धातुशोधक यंत्राचा आवाज जातो: 'काहीतरी आहे' एवढीच त्याची साक्ष, 'हे अमुक आहे' या सविकल्पक निर्णयाला पूर्वानुभवाचा संस्कार लागतो, आणि यंत्राला पूर्वायुष्य नसते. उलट छांदोग्य उपनिषदातला उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, माती, सोने आणि नखे काढण्याचे लोखंडी हत्यार यांचे दाखले देऊन पटवतो, की आकार हे नावापुरते, मूलद्रव्य तेवढे सत्य. हे मला पूर्वी निर्विवाद वाटे.

परंतु प्रवरेकाठी दायमाबादला 1974 साली एका भिल्ल शेतकऱ्याला जमिनीत हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ, अशी मिळून 60 किलोंहून अधिक वजनाची जी भरीव कांस्यशिल्पे सापडली, त्यांची कथा या सिद्धांताला सुखाने नांदू देत नाही. देशपांडे, राव, साळी हे पंडित त्यांना उत्तर-हडप्पाकालीन मानतात. आणि ज्या मूलद्रव्याने वाद मिटावा, त्याच्याच पृथक्करणात एक टक्क्याहून अधिक सोमल निघाल्यामुळे डी. पी. अग्रवाल यांनी ती बरीच अलीकडची असावीत अशी शंका घेतली. द्रव्य कळले, तरी ती खेळणी, की मिरवणुकीतली दैवते, हे द्रव्याने सांगितले नाही. (1878 चा भूमिगत धनाचा कायदा या भानगडीत पडतच नाही, दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही जमिनीत पुरलेले सापडले की कलेक्टरकडे वर्दी द्यावी, एवढेच तो फर्मावतो.)

शेवटी कसब्यातल्या तांबट आळीत एका वृद्ध कारागिराला पत्रा दाखवला. त्याने तो पाहिला कमी, अंगठ्याने चाचपला अधिक. "टाक आहे. खंडोबाचा असंल," तो म्हणाला. "झीज बघा, पुढनंच आहे, मागचा खळगा तसाच. रोज अंघोळ घातलीय ह्याला कुणीतरी." झिजलेला टाक नदीत सोडून नवा घडवण्याची रीत आपल्याकडे आहेच, तेव्हा विसर्जनाने देवत्व गेलेले, की वाळू उपसणाऱ्याच्या चाळणीत ते पुन्हा वर आलेले, हा प्रश्न मी त्याला विचारला. तो हसला आणि हातोडी उचलून घंगाळाकडे वळला.

घरी तो लिहिण्याच्या मेजावर ठेवावा की देवघरात, हे न ठरल्याने टाक देवघराच्या उंबऱ्यावर, पळीशेजारी पडून आहे. पत्नी सकाळी फुले वाहते तेव्हा एखादी पाकळी त्याच्यावरही असते. ती वाहिलेली की पडलेली, हे मी विचारलेले नाही.