काचपेटीतील जीव आणि आपण

मनुष्याने कोणता प्राणी पाळावा, याविषयी आपल्या समाजात फारशी चर्चा होत नाही. कुत्रा घर राखतो, मांजर उंदीर मारते, गाय दूध देते. उपयोग आणि लळा या दोन धाग्यांनी हे प्राणी आपल्या अंगणाशी बांधले गेले आहेत. परंतु ज्याचा काही उपयोग नाही आणि ज्याला लळाही लागत नाही, असा जीव घरात बाळगावा काय? आणि बाळगलाच, तर त्याच्याप्रती आपले कर्तव्य कोणते?

हा प्रश्न आमच्यापुढे अनपेक्षितपणे उभा राहिला. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आमच्या भाच्याकडे आम्ही काही दिवस मुक्कामास होतो. त्याच्या खोलीत काचेच्या पेटीमध्ये तळहाताएवढा एक केसाळ कोळी होता. टॅरांट्युला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोळ्यांपैकी ती मेक्सिकोतील जातीची मादी होती. अंग काळे, पायांच्या सांध्यांवर नारिंगी पट्टे. अकरा वर्षांपूर्वी पाळीव मादीचे लहानसे पिल्लू म्हणून त्याने ती आणली होती. या जातीची मादी वीस वर्षांहून अधिक जगते. नर मात्र वयात आल्यावर थोड्याच काळात मरतो.

"ती तुला ओळखते काय?" आम्ही विचारले.

"नाही, मामा," तो म्हणाला. "आठ डोळे असूनही तिला अंधुकच दिसते. जमिनीचा कंप हेच तिचे जग. माझा हात तिच्या लेखी वादळासारखा."

त्याच्या सांभाळात एक प्रकारचे वैराग्य आम्हांस दिसले. आठ-दहा दिवसांनी एखादा रातकिडा, वाटीभर पाणी, बिळासाठी कोरडी माती, एवढाच तिचा संसार. तो तिला कधी हातावर घेत नसे. कारण थोड्या उंचीवरून पडली तरी तिचे पोट फुटते. घाबरली, तर ती मागच्या पायांनी पोटावरचे केस उधळते आणि ते माणसाच्या कातडीत व डोळ्यांत रुततात. कात टाकताना ती तासन् तास पाठीवर उताणी पडून राहते. त्या वेळी पेटीत राहिलेला एखादा रातकिडाही तिच्या मऊ अंगास कुरतडू शकतो. म्हणून तो आधीच काढून घ्यावा लागतो. स्पर्श नाही, कौतुक नाही, कृतज्ञता नाही. केवळ लक्ष ठेवणे.

आमच्या बहिणीला हे सारे थेर वाटत. "माणसांना द्यायचे प्रेम किड्यांना कशाला?" हा तिचा सवाल अगदीच निराधार नव्हे. १९९२ सालच्या आपल्या धर्मशिक्षणग्रंथातही प्राण्यांशी दयेने वागण्याचे कर्तव्य सांगितले आहे, आणि केवळ माणसांना देणे असलेली माया प्राण्यांकडे वळवू नये, असेही बजावले आहे. परंतु येथे मायेची चोरी होत होती असे आम्हांस वाटले नाही. परतफेडीची आशा नसताना केलेला सांभाळ माणसाला कोरडा करीत नाही. उलट, आपल्या इतर सेवेत स्वार्थ किती मिसळलेला असतो, हे तो दाखवून देतो.

खरी अडचण पुढेच होती. भाच्याच्या एका मित्राकडे त्याच जातीचा नर होता आणि दोघांची जोडी लावावी, असा त्याचा आग्रह होता. मीलनानंतर मादी नरालाच खाऊन टाकण्याचा संभव असतो. म्हणून पाळणारे लांब चिमटा घेऊन उभे राहतात. मादीने विणलेली अंड्यांची पिशवी पुष्कळदा तिच्याकडून काढून घेतली जाते. एका पिशवीतून शेकडो पिल्ले निघतात आणि ती एकमेकांना खाऊ नयेत म्हणून प्रत्येकाला वेगळ्या डबीत ठेवावे लागते. "मामा, यात पाप आहे काय?" भाच्याने विचारले.

या प्रश्नाला दोन बाजू आहेत. घरी वाढवलेली पिल्ले मिळाली, तर रानातून पकडलेल्या कोळ्यांची मागणी कमी होते. उशिरा वयात येणारी एक मादी रानातून नेणे म्हणजे अनेक पिढ्या नेणे होय. आपल्या देशाचेच उदाहरण पाहा. आंध्र प्रदेशातील गुत्ती येथे सापडलेल्या एका सुंदर निळ्या कोळ्याची नोंद १८९९ साली पोकॉक या शास्त्रज्ञाने केली. आज परदेशातील काचपेट्यांतून त्याची वीण सुखाने चालू आहे. मात्र नंद्याळजवळच्या त्याच्या तुटत्या रानात तो २००८ सालापासून अतिसंकटग्रस्त गणला जातो. त्याच्या कुळातील सर्व जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१९ साली निर्बंधाखाली आला. पेट्या भरल्या म्हणून रान भरत नाही, हाच याचा अर्थ.

म्हणून आम्ही भाच्याला एवढेच म्हणालो, "एका जिवाची वीस वर्षे तू पत्करलीस, ते तुझे ऋण आहे. शेकडो जिवांची वर्षे तू कोणाच्या भरवशावर पत्करणार? प्रत्येक डबीसाठी जाणते घर आधी मिळव, मग विचार कर. ते न करता केवळ आपल्या हौसेसाठी जीव वाढवणे, यात दोष आहे."

जबाबदारी पिल्लू जन्मल्यावर सुरू होत नाही. ते जन्मास घालण्याच्या निर्णयापाशीच ती सुरू होते. नंतर त्याला बाहेर सोडून देणे ही दया नव्हे. इंग्लंडच्या थंडीत ते मरूनच जाईल. आणि आपल्याकडे सह्याद्रीच्या झाडांच्या ढोलीत असे कोळी सुखाने नांदत आहेत. त्यांना तेथेच राहू देणे, ही त्यांची उत्तम जोपासना होय.

भाच्याने घरे शोधली. जेमतेम सात मिळाली. त्याने जोडी लावली नाही. लग्न ठरले, तेव्हा मात्र त्याने वाग्दत्त वधूला प्रथम ती पेटी दाखविली आणि हिची अजून बरीच वर्षे आपल्याकडे देणे आहेत, असे सांगितले. हे ऐकून आमची बहीण पहिल्यांदाच काही बोलली नाही.