नाताळच्या कथांतील मृत्यू आणि बालवाचकाची जागा

१८४४ च्या नाताळात फ्रँकफुर्टमधील हाइन्रिख होफमान या डॉक्टराने आपल्या तीन वर्षांच्या मुलाला भेट म्हणून एक चित्रपुस्तक स्वतःच तयार केले. बाजारातील पुस्तके त्याला पसंत पडली नव्हती. १८४५ मध्ये छापले गेलेले आणि पुढे ‘श्ट्रुवेलपेटर’ या नावाने सर्वत्र पोचलेले हे पुस्तक मूळ शीर्षकात स्वतःला गमतीच्या गोष्टी म्हणवते आणि वाचकाचे वय तीन ते सहा असे सांगते. प्रारंभीच्या पद्यात शहाण्या मुलांना बाळ येशू नाताळची भेट आणतो, असे आश्वासन आहे. मग गमती सुरू होतात. सूप नाकारणारा मुलगा पाचव्या दिवशी मरतो. अंगठा चोखणाऱ्याचे दोन्ही अंगठे शिंपी कात्रीने छाटतो. आणि पहिल्या आवृत्तीनंतर भर घातलेल्या एका गोष्टीत, आईवडील घरी नसताना काड्या ओढणारी पाउलीन जळून राख होते. मागे तिचे बूट तेवढे राहतात.

त्याच १८४५ च्या डिसेंबरात डेन्मार्कमध्ये हान्स ख्रिस्तियन अँडरसनची आगकाड्या विकणारी मुलगी हातात काड्या धरून मरते. एकीला आगीने मारले, दुसरीला थंडीने.

अशा कथा मुलांना द्याव्यात की नाहीत, या रूढ प्रश्नावर बालसाहित्याची चर्चा बहुधा अडून बसते. भयाने मूल कोमेजते असे एक पक्ष म्हणतो, तर भयाने ते कणखर होते असे दुसरा. दोन्ही पक्ष भयाकडे औषधाची मात्रा म्हणून पाहतात. भयानक रसाचा आस्वाद घ्यायला जे अंतर लागते ते चार वर्षांच्या श्रोत्याजवळ असतेच असे नाही, हे खरे. परंतु नैतिक प्रश्न मात्रेचा नाही. कथेचा शेवट मुलाला कोठे उभे करतो आणि त्या जागेवरून त्याच्याकडून काय मागतो, हे पाहिले पाहिजे.

होफमानच्या गोष्टींत मूल आरोपीच्या पिंजऱ्यात असते. आपल्याकडे ज्यांना संस्कारकथा म्हणून गौरवले जाते त्यांची घडण पुष्कळदा हीच असते. फक्त कात्री झाकलेली असते. तरीही होफमानला सरसकट दोषी ठरवणे अन्यायाचे होईल. पाउलीनचे जळणे हा तिच्या कृतीचा परिणाम आहे. त्या काळच्या काड्या सहज पेट घेत, आणि त्या मुलांच्या हाती लागत. मुलाला जे खरोखर करता येते आणि जे केल्याने खरोखर अनर्थ होतो, तेच येथे सांगितले आहे. शिंप्याची गोष्ट वेगळी. अंगठा चोखण्यातून कात्री निपजत नाही. ती बाहेरून, आईने दिलेल्या धाकाला खरे करण्यासाठी येते. परिणाम आणि शिक्षा यांतील हा भेद मिटवला की भयकथा दंडसंहिता होते. एकाच पुस्तकात दोन्ही प्रकार शेजारी नांदतात, आणि ते वाचताना मुले हसतात, ही गोष्ट या पुस्तकाच्या निंदकांनी फारशी विचारात घेतलेली दिसत नाही.

अँडरसनच्या मुलीचा काहीच अपराध नाही. वर्षाची शेवटची संध्याकाळ आहे. आईच्या मोठ्या सपाता रस्ता ओलांडताना निसटल्या, त्यांतली एक एका पोराने पळवली. काडी विकली गेली नाही म्हणून घरी गेल्यास बापाचा मार ठरलेला. भिंतीवर ओढलेल्या प्रत्येक काडीत शेगडी, भाजलेला हंस, नाताळचे झाड आणि शेवटी मेलेली आजी दिसते. आजी विझू नये म्हणून ती उरलेल्या सगळ्या काड्या पेटवते. सकाळी येणारेजाणारे तिचे गोठलेले शरीर पाहतात आणि तिला ऊब हवी होती एवढेच म्हणतात. तिने काय पाहिले हे त्यांना ठाऊक नाही, असे निवेदक सांगतो.

ही कथा प्रथम कोणापुढे आली हे येथे महत्त्वाचे ठरते. ग्रॉस्टेनच्या वाड्यात मुक्कामाला असताना अँडरसनला एका लोकपंचांगाच्या संपादकाचे पत्र आले. सोबत धाडलेल्या चित्रांपैकी एकावर गोष्ट लिहावयाची होती. त्याने योहान टॉमस लुन्डबीचे काड्या विकणाऱ्या मुलीचे चित्र निवडले. १८४६ च्या पंचांगात ती गोष्ट छापली गेली. म्हणजे वर्ष सरताना, शेगडीजवळ बसून नव्या वर्षाची पाने उलटणारा गृहस्थ तिचा पहिला वाचक होता. तोच त्या रस्त्यावरून गेलेला माणूसही होता. १८४३ च्या अखेरीस निघालेल्या संग्रहापासून अँडरसनने ‘मुलांसाठी सांगितलेल्या’ हे शब्द शीर्षकातून काढून टाकले होते, तेही विसरता येत नाही.

पुढे कथा बालवाङ्मयात गेली आणि गृहस्थाकडे रोखलेले बोट जागा न सोडता मुलाकडे वळले. मुलाजवळ पैसा नाही, रस्ता त्याच्या ताब्यात नाही. मुलीला घरात घेणे त्याच्या अधिकारातले नाही. दुःखाचे संपूर्ण ज्ञान आणि ते निवारण्याची शून्य शक्ती, अशी त्याची स्थिती होते. ब्रुनो बेटेलहाइमने १९७६ च्या आपल्या ग्रंथात या कथेला सुंदर परंतु अतिशय दुःखी म्हटले आणि परीकथेच्या शेवटी मिळणारे सांत्वन तिच्यात नाही, अशी नोंद केली. आक्षेप उलट दिशेनेही घेता येईल. सांत्वन आहेच, आजी तिला देवाकडे घेऊन जाते, आणि त्या तेजात बापाचा मार, बंद दारे, हरवलेली सपाता हे सारे निवळून जाते. टेरी प्रॅचेटच्या ‘हॉगफादर’ (१९९६) या कादंबरीत प्रत्यक्ष मृत्यूच अशा एका मुलीला मरू द्यायला नकार देतो. तिच्या मरणाने इतरांना आपली स्थिती बरी वाटावी, हा सौदा त्याला मान्य नाही. विनोदी कादंबरीतला हा प्रसंग पुष्कळ गंभीर समीक्षेपेक्षा नेमका आहे.

अँडरसनच्या बाजूने एवढे म्हणता येईल की मूल स्वतःला त्या वाटसरूंत बहुधा पाहतच नाही. ते मुलीच्या शेजारी, त्या दोन घरांमधल्या कोपऱ्यात बसते. मोठ्यांना जे कळले नाही ते आपल्याला कळले, ही जाणीव त्याला मिळते. ती पेलण्याजोगी आहे की नाही, हे गोष्ट वाचून दाखवणारा पुस्तक मिटल्यावर काय करतो यावर अवलंबून राहते. आणि ज्या कथेचा न्याय वाचून दाखवणाऱ्यावर सोपवावा लागतो तिच्या शेवटात काही अपुरे आहे.

२१ डिसेंबर १८४४ रोजी प्रसिद्ध झालेली ‘फरचे झाड’ ही कथा या तुलनेत कमी बोलली जाते, आणि ती अधिक न्याय्य आहे. जंगलातले तरुण झाड मोठे होण्याची घाई करते, एका रात्री सजवले जाते, दुसऱ्या दिवशी माळ्यावर टाकले जाते. तेथे ते उंदरांना आपल्या एकुलत्या वैभवाची कहाणी सांगते. अखेर ते अंगणात ओढले जाते, नोकर त्याचे तुकडे करतो, आणि जळताना त्याच्या प्रत्येक उसाशाच्या कडकडाटावर मुले बंदुकीचा आवाज काढून खेळतात. सर्वांत धाकट्याच्या छातीवर झाडाचा सोनेरी तारा आहे. येथे कोणी दुष्ट नाही, शिक्षाही नाही, स्वर्गही नाही. परंतु फांद्या तुडवणारे पाय मुलांचे आहेत. ज्या गोष्टीवर मुलाचा खरोखर अधिकार चालतो, तेथेच ही कथा त्याला उभे करते. शिवाय झाडाचे मनही त्यालाच ऐकवते, म्हणून त्याला दोन्हीकडे असावे लागते. अंगणातल्या मुलांना आपण काय केले हे कळत नाही, ऐकणाऱ्याला कळते. आणि ज्या दिवसांत ही गोष्ट वाचली जाते, त्या दिवसांत त्याच्याही घरात एक झाड सजवून उभे केलेले असते, जे आणखी काही दिवसांनी बाहेर काढायचे असते.