दोनशे छप्पन्न वर्षांचे आमिष

मे १९३३ मध्ये अमेरिकेतील वृत्तपत्रांत एक मृत्युवार्ता छापून आली. चीनच्या सिचुआन प्रांतातला ली चिंग-युएन नावाचा जडीबुटीवाला वारला होता. त्याच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे जन्म १७३६ चा, म्हणजे वय १९७. कुणी जुन्या नोंदींचा हवाला देऊन जन्म १६७७ चा ठरवला. मग वय झाले २५६! पुढे त्याचे नाव ताओपंथी श्वसनसाधनेशी आणि अंतर्गत युद्धकलांशी जोडले गेले. 'ही साधना करा, दीर्घायुषी व्हा' असे सांगणाऱ्यांना एक साक्षीदार मिळाला.

हा साक्षीदार कितपत टिकतो? कागदपत्रे तपासून मान्य झालेले सर्वांत मोठे वय फ्रान्सच्या झान काल्मां या बाईंचे आहे. १८७५ ते १९९७, म्हणजे १२२ वर्षे. कुणी म्हणेल, हजरत नूह यांच्या ९५० वर्षांचे काय? तो ईमानचा विषय आहे. शिवाय कुरआनात ती वर्षे कौमला हाक देण्याच्या संदर्भात येतात, तब्येतीचा नुस्खा म्हणून नव्हे. लीचा दावा मात्र नोंदवहीचा आहे आणि तो नोंदवहीनेच तपासला पाहिजे.

या कलांच्या उस्तादांकडेही पाहू. ताइजी, शिंगयी आणि बाग्वा या तिन्ही अंतर्गत कलांना ताओ विचाराशी जोडून ग्रंथ लिहिणारे सुन लुतांग सत्तरी ओलांडून १९३३ मध्येच वारले. आज जगभर केल्या जाणाऱ्या संथ ताइजीला घडवणारे यांग चेंगफू १९३६ मध्ये गेले, तेव्हा त्यांनी जेमतेम पन्नाशी ओलांडली होती.

म्हणून ही साधना फोल ठरते का? मुळीच नाही. पोटापर्यंत खोल श्वास, एका पायावरून दुसऱ्या पायावर सावकाश सरकणारा भार, बळाला बळाने न भिडता समोरच्याचा जोर वळवून देणे, हे तिचे मर्म आहे. नियमित ताइजीने वृद्धांचे तोल जाऊन पडणे कमी होते, हे अनेक वैद्यकीय चाचण्यांत दिसले आहे. म्हातारपणी एक पडणे म्हणजे काय, हे ज्या घराने पाहिले त्यालाच ठाऊक.

खरा प्रश्न इथे उभा राहतो. गोष्ट चांगली असेल, तर तिच्याकडे वळवण्यासाठी खोटे आमिष दाखवले तर बिघडले कुठे? लोक व्यायाम तर करतील!

मी शिक्षक आहे. बी.एड.ला आम्हाला बाह्य प्रेरणा आणि आंतरिक प्रेरणा यांतला फरक शिकवला जातो. बक्षिसासाठी वाचणारे मूल बक्षीस थांबले की पुस्तक मिटते. मग जे बक्षीस कधी मिळणारच नाही, त्याच्या जोरावर दिलेली तालीम किती दिवस टिकेल? आणि ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याने फसवले, असे वाटले की माणूस खोट्याबरोबर खरेही फेकून देतो.

आमिषाची किंमत इतिहासानेही मोजली आहे. तांग घराण्याचा सम्राट वूझोंग ताओपंथाचा भक्त होता. अमरत्वाची औषधे घेता घेता तो ८४६ मध्ये, ऐन तिशीत मरण पावला. अशा औषधांत पाऱ्याचे खनिज असे. जगण्याच्या हव्यासानेच त्याचे जगणे आखूड केले.

दीर्घायुष्याची इच्छा म्हणजे गुन्हा नव्हे. 'उम्रदराज हो' अशी दुआ आपण लेकरांना देतोच. पण दुआ मागणे वेगळे आणि हमी विकणे वेगळे. ताओपंथाच्याच 'ज्वांगझी' या प्राचीन ग्रंथात श्वास घेत-सोडत, अस्वलासारखे अंग ताणत आयुष्य वाढवू पाहणाऱ्यांचा उल्लेख येतो. थोर पुरुष मात्र त्या खटपटीत पडत नाही, असे तो ग्रंथ मानतो. ज्या साधनेचा पहिला धडा मूठ सैल सोडण्याचा आहे, तीच साधना वर्षांवर मूठ आवळण्यासाठी करायची, यासारखा विरोधाभास कोणता?

शिकवणाऱ्याने एवढेच सांगावे: वर्षे वाढतील की नाही ते माझ्या हाती नाही, पण उद्या तुम्ही कुणाचा हात न धरता जिना उतराल, अशी आशा आहे. हे आश्वासन लहान आहे. पण ते देताना मान खाली घालावी लागत नाही.