आधी कृपा, मग परतफेड

यरीहो येथील जक्कयाची गोष्ट आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांसही ठाऊक आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या 19 व्या अध्यायात ती आली आहे. हा मुख्य जकातदार धनवान होता, व लोक त्यास पापी म्हणत. प्रभूस पाहावे म्हणून तो उंबराच्या झाडावर चढला, एवढे सर्वांच्या स्मरणात राहते. परंतु पुढे काय कोणत्या क्रमाने घडले, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

प्रभूने त्यास नावाने हाक मारून आज तुझ्या घरी उतरणार असे सांगितले, तेव्हा जक्कयाने एक पैही परत केली नव्हती. आधी हिशेब चुकता कर, अशी अट प्रभूने घातली नाही. जक्कयाने त्यास आनंदाने घरी नेले. आणि मग अर्धी मालमत्ता दरिद्र्यांस देण्याचे व अन्यायाने घेतलेले चौपट फेडण्याचे वचन दिले.

आता नियमशास्त्र पाहा. आपण होऊन अपराध कबूल करणाऱ्याने मूळ ऐवज व त्याचा पाचवा हिस्सा द्यावा, असे गणनेच्या 5 व्या अध्यायात आहे. म्हणजे शंभर रुपये घेतले असतील, तर एकशे वीस दिले की पुरे. जक्कय चारशे देण्यास सिद्ध झाला! मेंढरू चोरून कापणाऱ्यास वा विकणाऱ्यास निर्गमाच्या 22 व्या अध्यायात जो चौपट दंड सांगितला आहे, तो त्याने स्वतःवर घेतला. धाकाने मनुष्य नेमके तेवढेच मोजून देतो. कृपा पावलेला मोजीत बसत नाही.

आब्राहामाचेही असेच झाले. विश्वासामुळे तो नीतिमान गणला गेला, हे उत्पत्तीच्या 15 व्या अध्यायात. सुंतेची आज्ञा त्यानंतर, 17 व्या अध्यायात. रोमकरांस लिहिताना पौल ह्याच क्रमावर बोट ठेवितो.

तथापि कित्येक म्हणतात, आधी सुधारू, मग प्रभूकडे येऊ. हे पेरणीपूर्वी कापणी मागणे होय. दुसरे म्हणतात, क्षमा झाली आहे, मग शेजाऱ्याचा कोरलेला बांध तसाच राहिला म्हणून काय बिघडले? त्यांस आम्ही विचारतो, जे पीक कधी उगवतच नाही, त्याचे बी पेरले गेले असे कोण मानील?

प्रिय बंधुभगिनींनो, येत्या प्रभुवारी प्रभूच्या मेजाजवळ रिकाम्या हातांनीच या. तेथे द्यावयास आपणांपाशी काही नाही. परंतु तेथून उठाल तेव्हा, ज्याचे देणे राहिले आहे त्याच्या दाराची वाट धरा.